फियाट की अ‍ॅम्बेसेडर?

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तोवर गाडी घेण्याची ऐपत असलेल्या घरांत वाद व्हायचा तो दोनच नावांवरून. (मद्रासची स्टँडर्ड हेरल्डही होती, पण तिचे चाहते मोजकेच.) अ‍ॅम्बेसेडर ही मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात बनणारी. फियाट ११०० इटलीची, पण घडायची वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

आकडे पाहिले तर अ‍ॅम्बेसेडर वरचढ: १४८९ सीसी आणि साधारण ५० अश्वशक्ती. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, अश्वशक्ती सुमारे ४०. पण अ‍ॅम्बेसेडरचं अंगही तसंच जड. एकटादुकटा माणूस हाकत असेल तर फियाट चपळ वाटायची, तिचं इंजिन फिरायलाही हौशी. माझ्या मते चालवणाऱ्याची गाडी तीच.

गाडी भरली की मात्र पारडं फिरायचं. मागे तीन धष्टपुष्ट माणसं, मांडीवर पोरं, टपावरच्या कॅरिअरवर होल्डॉल, अशा अवस्थेत बोरघाट चढायचा तर अ‍ॅम्बेसेडरच हवी. तिचं इंजिन कमी फेऱ्यांतही इमानदारीनं ओढायचं, आणि पोट जमिनीपासून उंच असल्यानं कच्च्या रस्त्याचं भय नसे. जिल्ह्याच्या साहेबांना आणि पुढाऱ्यांना ती मानवली यात नवल नाही. पांढरा रंग आणि लाल दिवा नंतर तिचाच गणवेश झाला. याउलट मुंबईत सुमारे ४० सेंटिमीटरनं आखूड फियाट गल्लीबोळांतून सुटायची, म्हणून काळी-पिवळी टॅक्सी तीच झाली. कलकत्त्यानं मात्र टॅक्सीसाठीही घरचीच अ‍ॅम्बेसेडर धरली.

उन्हाळ्यात दोघींचंही डोकं तापायचं. घाटात बॉनेट उघडून, इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसलेली मंडळी दोन्ही पक्षांत असत. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचेच, गिअरचा दांडा दोन्हीकडे स्टिअरिंगपाशी. खेड्यातला मिस्त्रीही दोन्ही गाड्या पान्यानं खोलून बसवायचा, आणि त्या काळात एवढा गुण पुरे होता.

या आठवणींत एक गोष्ट सोयीनं गळते. बहुतेकांनी या गाड्या निवडल्याच नव्हत्या. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळाली ती घेतली. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना कारखान्यांना सुधारणेची घाई कशाला असेल? दिवे बदलले, जाळी बदलली, आतलं यंत्र जवळपास तेच. अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले ते नव्वदच्या दशकात. आता वेगातही ती फियाटला सहज मागे टाकत होती, पण तोवर लोक दोघींची तुलना मारुतीशी करू लागले होते.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबलं, अ‍ॅम्बेसेडरचं २०१४ साली. मुंबईतल्या फियाट टॅक्सीनं त्यानंतरही ऑक्टोबर २०२३पर्यंत तग धरला. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनं तिलाही रस्त्यावरून उतरवलं.