उडी मांजराची, काळजी माणसाची

दही-लोण्याचं भांडं शिंक्यात ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. फळीवर किंवा कोनाड्यात ठेवलेलं भांडं मांजराच्या तावडीतून सुटत नसे, म्हणून ते आढ्याला अधांतरी टांगायचं. ‘शिंक्याचं तुटलं, बोक्याचं पटलं’ ही म्हण याच शिंक्याची. या साध्या व्यवस्थेमागे मांजराची अचूक पारख होती. मांजर उंच उडी मारतं, पण पाय टेकायला जागा नसेल तर त्या उडीचा त्याला उपयोग नाही, हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आज मुंबई-पुण्यातली मांजरं सातव्या, दहाव्या मजल्यावर राहतात आणि ही पारख मागे पडली आहे. ‘मांजराला कुठून पडलं तरी काही होत नाही’ असं म्हणत खिडक्या सताड उघड्या ठेवल्या जातात. त्याची किंमत मांजर मोजतं. म्हणून त्याच्या उडीबद्दलचे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज 1: मांजर हवं तितकं उंच उडतं.

वस्तुस्थिती: निरोगी, सडपातळ मांजर जागच्या जागी उभं राहून साधारण दीड मीटर उंच उडी मारतं. काही मांजरं याहून थोडी वर जातात. खांद्यापाशी जेमतेम 25 सेंटिमीटर उंच असलेल्या प्राण्यासाठी ही उंची सहापट आहे, आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण तिला मर्यादा आहे. लांब उडीचा गिनेस विक्रम 213.36 सेंटिमीटरचा, म्हणजे सात फुटांचा आहे. तो 2018 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका मांजराने केला. कंपाउंडच्या उंच भिंतीवर मांजर ‘एका उडीत’ चढल्यासारखं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा ते उडीने भिंतीच्या वरच्या भागापर्यंत पोचतं आणि उरलेलं अंतर नख्या रोवून, मागच्या पायांनी रेटा देत चढतं. गुळगुळीत काचेवर किंवा फरशीवर नख्या रुतत नाहीत. तिथे हेच मांजर घसरून खाली येतं.

गैरसमज 2: मांजर अंगाने हलकं असतं, म्हणून ते सहज उडतं.

वस्तुस्थिती: नुसत्या हलकेपणाने उडी साधत नाही. चार किलोचं मांजर दीड मीटर वर जायचं, तर जमीन सोडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 5.4 मीटर लागतो, म्हणजे ताशी जवळपास 20 किलोमीटर. हा वेग त्याला धाव न घेता, क्षणार्धात मिळवायचा असतो. त्यासाठी ते आधी दबा धरून बसतं. खुबा, गुडघा आणि घोटा हे मागच्या पायाचे तिन्ही सांधे घडी घातल्यासारखे दुमडतात. मग मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ते सांधे झटक्यात सरळ करतात, आणि वाकलेली पाठही ताणली जाऊन त्यात भर घालते. मांजर तळव्यावर न चालता बोटांवर चालतं, त्यामुळे त्याच्या पायाचा प्रभावी भाग लांब होतो आणि जमिनीला रेटा द्यायला जास्त अंतर मिळतं.

पुढच्या पायांचं काम उतरताना सुरू होतं. मांजराच्या गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलरबोन, अगदी लहान असतं आणि ते खांद्याच्या सांध्याला जोडलेलं नसतं. पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनीच बांधलेले असतात. उडी संपवताना बसणारा हिसका हे स्नायू झेलतात. म्हणूनच कपाटावरून उतरताना मांजर पुढचे पंजे आधी खाली सरकवतं. अंतर कमी करायचं आणि मगच अंग सोडायचं, ही त्याची रीत.

गैरसमज 3: जितकं धष्टपुष्ट मांजर, तितकी मोठी उडी.

वस्तुस्थिती: अमेरिकेत 18 मांजरांच्या उड्या मोजून केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. उडीचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरत असल्याचं त्यात दिसलं: मागच्या पायांची लांबी आणि शरीरावरची चरबी. पाय लांब तर वेग जास्त, चरबी जास्त तर वेग कमी. पायांच्या लांबीबाबत आपण काही करू शकत नाही, चरबी मात्र आपल्याच हातून वाढते. दिवसभर भरून ठेवलेला वाडगा आणि घरातल्या प्रत्येकाने लाडाने दिलेला घास मांजराची उडी हिरावून घेतात. गुबगुबीत मांजर फोटोत गोड दिसतं, पण त्याच्या सांध्यांवर तो भार रोज पडत असतो.

गैरसमज 4: उडीचं कसब मांजर जन्मतःच घेऊन येतं.

वस्तुस्थिती: शरीराची घडण जन्मजात असते, अंदाज मात्र वाढत्या वयात हालचालीतून येतो. पडताना अंग वळवायची क्षमता पिल्लात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकी संशोधकांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. अंधारात वाढवलेल्या पिल्लांच्या जोड्या त्यांनी रोज काही वेळ पट्ट्यापट्ट्यांच्या गोल भिंतीआड ठेवल्या. जोडीतलं एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरायचं. दोघांना दिसायचं सारखंच. पण पुढे स्वतः चाललेल्या पिल्लाला खोलीचा अंदाज आला आणि ते कड टाळू लागलं, तर नुसतं फिरवलेल्या पिल्लाला ते जमलं नाही. मोकळं सोडल्यावर त्यालाही लवकरच जमू लागलं. बोध स्पष्ट आहे. पिल्लाला पिंजऱ्यात कोंडून वाढवू नये. चढायला, उतरायला आणि चुकायला त्याला कमी उंचीची सुरक्षित जागा द्यावी.

गैरसमज 5: शेपटीमुळेच मांजर हवेत सरळ होतं.

वस्तुस्थिती: शेपूट तोल सावरायला मदत करते, पण हवेत वळायला ती अत्यावश्यक नाही. मँक्स जातीची बिनशेपटीची मांजरंही सरळ होतात. एटिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेतली, आणि आधाराशिवाय हवेत वळता येणं शक्यच नाही असं मानणारे विद्वान चकित झाले. मांजर कमरेत वाकतं आणि शरीराचे दोन भाग वेगवेगळे फिरवतं. आधी पुढचे पाय पोटाशी घेऊन पुढचा भाग झटकन वळवतं. तेव्हा मागचे पाय पसरलेले असल्याने मागचा भाग उलट दिशेला थोडासाच फिरतो. मग पुढचे पाय पसरून मागचा भाग वळवून घेतं. लवचीक कणा नसता तर हे जमलंच नसतं.

गैरसमज 6: चार पायांवर पडलं म्हणजे मांजर वाचलं.

वस्तुस्थिती: सगळ्यांत घातक समज हाच. चार पायांवर पडणं वेगळं आणि सुखरूप पडणं वेगळं. न्यूयॉर्कमधल्या पशुरुग्णालयात उंचावरून पडून आलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के मांजरं वाचली, आणि हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण त्याच अभ्यासात बहुतेक मांजरांच्या छातीला इजा झालेली होती आणि एक तृतीयांशाहून अधिक मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले होते. पाय टेकले तरी छाती आणि हनुवटी जमिनीवर आपटतात. त्यामुळे फुप्फुसाला मार बसतो, जबडा मोडतो, टाळू फाटते. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातल्या 119 मांजरांच्या 2004 मधल्या अभ्यासात जवळपास निम्म्या मांजरांच्या पायांची हाडं मोडलेली आढळली.

गैरसमज 7: जास्त उंचावरून पडलं तर मांजर उलट जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती: न्यूयॉर्कच्या अभ्यासात सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांत इजा कमी दिसल्या, त्यातून ही समजूत पसरली. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास मांजराचा पडण्याचा वेग स्थिर होतो, मग ते अंग सैल करतं, असं स्पष्टीकरण तेव्हा मांडलं गेलं. पण जागीच मेलेलं मांजर कुणी दवाखान्यात आणत नाही, त्यामुळे ते अशा आकडेवारीत येतही नाही. शिवाय झाग्रेबच्या अभ्यासात सातव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावरून पडलेल्या मांजरांना अधिक गंभीर इजा झाल्या होत्या. पडण्यासाठी सुरक्षित असा मजलाच नाही.

गैरसमज 8: मांजर शहाणं आहे, ते स्वतःहून पडणार नाही.

वस्तुस्थिती: झाग्रेबच्या त्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक एक वर्षाच्या आतली होती. कोवळं वय, अपुरा अनुभव आणि समोर उडणारं कबूतर, एवढं अपघाताला पुरेसं असतं. शिकारीवर नजर खिळलेल्या मांजराला कठड्याचं भान राहत नाही. सज्ज्यावर झोपलेलं मांजर कूस बदलतानाही घसरू शकतं.

गैरसमज 9: वय झालं, म्हणून उडी मारत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेत 100 वयस्क मांजरांचे एक्स-रे तपासणारा अभ्यास 2002 मध्ये आला. बारा वर्षांवरच्या 90 टक्के मांजरांत सांध्यांची झीज आढळली. मांजर दुखणं लपवतं. ते ओरडत नाही, लंगडतही नाही, फक्त उडी मारणं सोडतं. खिडकीत बसणं थांबलं, किंवा पलंगावर चढण्याआधी ते घुटमळू लागलं, तर पशुवैद्यांना दाखवा. त्याच्या आवडत्या जागेपाशी एखादा पाट किंवा बुटकं स्टूल पायरीसारखं ठेवा. माणसांची वेदनाशामक गोळी मनाने कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी जीवघेणं विष आहे.

तुमच्या घरी मांजर असेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर आजच बाल्कनीला आणि खिडक्यांना मजबूत जाळी लावून घ्या. डासांची पातळ जाळी मांजराच्या नख्यांपुढे टिकत नाही. तारेची किंवा कबुतरांसाठी लावतात तशी जाड नायलॉनची जाळी सर्व बाजूंनी घट्ट बसवा आणि ती अधूनमधून तपासा. मांजर पडलंच, तर ते चालतंय म्हणून निर्धास्त राहू नका. छातीतली इजा बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच तासाला पशुवैद्यांकडे न्या.