तुंबलेली मोरी आणि फडताळातला सोडा

घरातील मोरी जोवर आपले काम बिनबोभाट करीत असते, तोवर तिची कोणालाही आठवण होत नाही. ऐन सकाळच्या घाईत, खरकट्या भांड्यांचा ढीग पडलेला असताना, पाणी जागच्या जागी घोटाळू लागले की मात्र सारे घर तिच्याभोवती गोळा होते. मग उपाय सुचविणाऱ्यांचीही वाण पडत नाही. कोणी मीठ ओता म्हणते, कोणी लिंबू पिळा म्हणते. आणि हल्ली बहुतेक सर्वजण एकमुखाने सांगतात की, मूठभर खायचा सोडा टाकून वरून व्हिनेगर ओतावे, म्हणजे फसफसून सारा मळ निघून जाईल. ही जोडी घरोघर इतकी मान्यता पावली आहे की, तिच्याविषयी शंका घेणे हेच धाडस ठरावे. तथापि आज ते धाडस करावयाचे आहे. फडताळातील कोणती वस्तू मोरीच्या कामी खरोखर येते, कोणती केवळ मनाचे समाधान करते आणि कोणत्या वस्तू चुकूनही एकत्र येता कामा नयेत, हे श्रोत्यांनी नीट समजून घेतलेले बरे. कारण यातील शेवटच्या गोष्टीची गाठ प्रत्यक्ष जिवाशी आहे.

प्रथम मोरीच्या पोटात काय असते ते पाहू. जाळीखालची नळी सरळ गटारात उतरत नाही. ती मध्येच वाकलेली असते आणि त्या वाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते. हे पाणी म्हणजे गटारातील दुर्गंधी व किडे घरात येऊ न देणारे एक झाकणच होय. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधील घड्याळजीने शौचकुपाखाली असा वाक बसविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आपल्याकडील गवंडी आणि नळकारागीर न्हाणीघराच्या जमिनीत बसविलेल्या वाकाला ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि इंग्रजीतून लिहिल्या जाणाऱ्या बांधकामाच्या अंदाजपत्रकांतही आपला हा ‘न्हाणी’ शब्द तसाच जाऊन बसला आहे. असो. सांगावयाचे ते हे की, पाणी जेथे वळते तेथेच त्याचा वेग मंदावतो आणि जड गाळ तेथेच बसतो. म्हणून घरातील पुष्कळशा तुंबाऱ्याचे ठिकाण आपल्यापासून हात-दीड हातावरच असते.

आता तुंबते कशाने? स्वयंपाकघरातील मोरीचा खरा वैरी म्हणजे ओशटपणा. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठते. तूप त्याहून थोड्या अधिक उष्णतेला आणि वनस्पती तूप त्याहूनही अधिक उष्णतेला घट्टपणा धरते. कढईतले ऊन तूप मोरीत ओतताना पाण्यासारखे वाहते, पण दोन हात खाली थंड नळीशी गाठ पडली की ते तिच्या अंगाला लेप देऊन बसते. ग्वाल्हेरकडच्या थंडीत तर हे काम फार लवकर होते. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल असे थिजत नाही हे खरे. परंतु तेल कुजताना त्यातून मेदाम्ले सुटतात आणि पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून त्यांचा एक प्रकारचा न विरघळणारा साबण बनतो. विंधन-विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस न येता वर पांढुरकी साय धरते, ती हीच वस्तू. दख्खनच्या पठारावर, विशेषतः हैदराबादेसारख्या शहरांच्या ज्या वस्त्या विंधन-विहिरींवर अवलंबून आहेत तेथे, हा प्रकार गृहिणींना चांगला परिचयाचा आहे. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात अशाच मेदाचा आणि त्यात अडकलेल्या कचऱ्याचा सुमारे २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा दगडासारखा गोळा सापडला. तो फोडून काढण्यास पुढे कित्येक आठवडे लागले. आपल्या मोरीतील लेप म्हणजे त्याच कुळातील एक लहानसे अपत्य आहे. त्यावर भाताची शिते, चहाचा चोथा, कणकेचा चिकटा येऊन बसतो आणि वाट बुजते. न्हाणीघरात मेदाची जागा साबणाची साय घेते आणि शितांची जागा केस घेतात.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे सोडा-व्हिनेगरच्या जोडीची परीक्षा करता येते. खायचा सोडा हा सौम्य अल्कधर्मी क्षार आहे. व्हिनेगर, मग ते कारखान्यातले असो की गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेले असो, हे पाण्यात मिसळलेले सौम्य आम्ल आहे. बाजारातील व्हिनेगरात या आम्लाचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपास असते. दोहोंची गाठ पडली की ती एकमेकांना निष्प्रभ करतात. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, सोडा पुरता संपविण्यास जवळजवळ पाव लिटर व्हिनेगर लागते; त्यातून चारेक लिटर कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेट नावाच्या निरुपद्रवी क्षाराचे पाणी. या पाण्याने मेद सुटत नाही, केस गळत नाहीत, गाळही हलत नाही. मग तो फसफसाट? डोळ्यांना तो मोठा पराक्रमाचा वाटतो खरा. पण वायूला वरची वाट मोकळी असल्यामुळे तो वर निघून जातो, खालच्या अडथळ्यावर त्याचा दाब म्हणून पडत नाही. वरून बोळा दाबून धरला तर बोळाच उडतो. जाळीजवळचा ढिला बुळबुळीतपणा त्याने थोडा निघतो आणि वासही कमी होतो; तेवढे श्रेय त्याला अवश्य द्यावे. परंतु ज्यांची मोरी या उपायाने मोकळी झाली, त्यांनी नंतर ओतलेल्या बादलीभर ऊन पाण्यालाच त्याचा मोठा वाटा द्यावयास हवा. दोन कामाच्या वस्तू एकत्र करून दोन्ही निकामी करण्याचा हा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच वस्तू वेगवेगळ्या वापरल्या तर मात्र त्यांचा उपयोग होतो. नळाच्या तोंडावर किंवा जाळीवर बसलेला चुनखडीचा पांढरा थर व्हिनेगरने अथवा लिंबूफुलाच्या पाण्याने विरघळतो. रात्री त्यात भिजविलेली चिंधी गुंडाळून ठेवावी आणि सकाळी घासावे. मेदासाठी आम्ल नव्हे, अल्क हवे. तेथे खायच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा पुष्कळ सरस ठरतो, कारण त्याचे अल्क कितीतरी तीव्र असते. तो घरात नसेल तर खायच्या सोड्यापासूनही करता येतो. लोखंडी तव्यावर तो पसरून मंद आचेवर परतत राहिले की त्यातील पाणी व वायू उडून जातात आणि धुण्याचा सोडा मागे राहतो. शंभर ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरले की काम झाले असे समजावे. मात्र ॲल्युमिनियमचे पातेले यासाठी घेऊ नये. सोडा ते खातो आणि काळे करतो.

हा सोडा वापरण्याची रीत अशी. मोरीत साचलेले पाणी आधी उपसून काढावे. दोन लिटर पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी सावकाश ओतावे, अर्धा तास थांबावे आणि मग ऊन पाण्याची बादली एका दमात सोडावी. लेप वितळतो, त्याचा काही भाग साबणासारखा होऊन पाण्यात मिसळतो आणि उरलेला पाण्याच्या लोंढ्याबरोबर पुढे सरकतो. पाणी किती ऊन असावे याला महत्त्व आहे. जुन्या वाड्यांतील बिडाच्या नळ्यांना उकळते पाणी चालते. परंतु आज बहुतेक घरांत पीव्हीसीच्या नळ्या आहेत आणि त्या ७५-८० अंशांपुढे मऊ पडू लागतात. म्हणून उकळी आल्यावर भांडे खाली उतरवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. सोड्याच्या पाण्यात उघडे हात घालू नयेत, कातडी सोलवटते. पाणी मुळीच उतरत नसेल, तर मात्र हा उपाय व्यर्थ आहे. औषध रोगापर्यंत पोचतच नाही.

भाताच्या किंवा पिठाच्या तुंबाऱ्याला ऊन पाणी दाखवूच नये. उष्णतेने पिष्ट फुगते आणि आपण नळीतच खळ शिजवून ठेवतो. केसांवर फडताळातील कोणत्याच वस्तूचा इलाज चालत नाही. तारेचा लहानसा आकडा करून ते ओढून काढावेत हे उत्तम. मिठाने काही होत नाही. चुना तर कटाक्षाने टाळावा, कारण मेदाशी संयोग होऊन त्याचा तोच न विरघळणारा साबण बनतो, म्हणजे रोग हटविण्याऐवजी आपण त्याला खतपाणी घालतो.

पूर्ण तुंबलेल्या मोरीला रबरी पंपासारखा दुसरा इलाज नाही. त्याचे तोंड बुडेल एवढे पाणी मोरीत असावे. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही; म्हणून पाण्याने भरलेल्या नळीत हाताचा जोर थेट अडथळ्यावर जाऊन पोचतो. बेसिनला वरच्या अंगाला भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करावे, पंधरा-वीस वेळा पंप दाबावा आणि शेवटी झटक्याने वर ओढावा. तरीही पाणी हलले नाही, तर खाली बादली ठेवून बेसिनखालचा बाटलीसारखा भाग हाताने उलगडावा. बहुधा सारी चोरी तेथेच सापडते.

आता त्या जिवावरच्या गोष्टीकडे येऊ. घरगुती उपाय निष्फळ ठरले की माणूस दुकानातील पुडीकडे वळतो. अशा पुड्यांत बहुधा दाहक सोडा, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतो आणि कित्येकांत ॲल्युमिनियमचे कणही असतात. पाणी लागताच मिश्रण तापते आणि हायड्रोजन वायू सुटतो. पुडी ओतल्यावर काम झाले नाही म्हणून तीवर व्हिनेगर किंवा शौचालयाचे ॲसिड ओतणे म्हणजे उकळते दाहक पाणी स्वतःच्या तोंडावर उडवून घेणे होय. आणि त्याच वेळी पंप मारणे हेही तितकेच घातक. याहून भयंकर प्रकार कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचचा आहे. ब्लीच आणि कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर का असेना, एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो थोडाही पुरतो. असे चुकून घडले तर वास कसला म्हणून पाहत न बसता तत्काळ बाहेर पडावे, दार-खिडक्या उघड्या टाकाव्यात आणि खोकला किंवा दम लागल्यास दवाखाना गाठावा. दाहक सोडा अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावे आणि डॉक्टरकडे जावे.

याच्याशीच निगडित आणखी एक बाब आहे. स्वयंपाकघरात पाणी ओतल्यावर ते न्हाणीघराच्या जाळीतून वर येत असेल, तर दोष घरात नसून बाहेरच्या चेंबरात आहे, तेथे सोड्याचे काम नाही. अशा वेळी कोणाला तरी बोलावून पाच-पन्नास रुपये अधिक देऊन आत उतरविण्याची चाल अजून गेलेली नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की तो माणसाचे घ्राणेंद्रियच बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा झाला की धोका टळला असे वाटते आणि माणूस एकाएकी कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराही पुष्कळदा परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा जागी उतरविण्यास बंदी घातली आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दलची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपयांपर्यंत वाढविली. तेव्हा चेंबर तुंबल्यास नगरपालिकेचे यंत्र किंवा उपसा करणारी गाडी मागवावी, आणि आपण मोरीत ॲसिड अथवा कॉस्टिक ओतले असल्यास येणाऱ्या माणसाला ते आधी सांगावे. आपल्या घरातून निघालेले पाणी अखेर त्याच्या हातापायांवर पडणार असते.

नित्याची काळजी अगदी साधी आहे. ओशट कढई आणि ताटे घासण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाने पुसून घ्यावीत. मोरीवर बारीक जाळी ठेवावी. उरलेले तेल बाटलीत साठवून कचऱ्यात द्यावे. आणि आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याचे ऊन पाणी सोडावे. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी एवढे आणखी करावे. उन्हाळ्यात न्हाणी ट्रॅपमधील पाणी आटते, झाकण उघडे पडते आणि परतल्यावर घरभर गटाराचा वास दरवळतो. मग मोरी तुंबली अशी समजूत होऊन नाही नाही ते उपाय सुरू होतात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे आणि त्यावर दोन चमचे गोडे तेल सोडावे. तेलाचा तवंग पाण्याला उडू देत नाही. परत आल्यावर बादलीभर ऊन पाणी सोडून तो तवंग काढून टाकावा.