सांगता येते, वाचता येत नाही

पन्हाळ्याच्या एखाद्या शाळेतला पाचवीचा मुलगा डोळ्यांसमोर आणू. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद, पावसातली विशाळगडची वाट, सारे तो न अडखळता सांगतो. पण तोच धडा वाचायला दिला की 'घ'चा 'ध' होतो, जोडाक्षरांपाशी तो थांबतो, ओळ चुकते. उत्तरपत्रिका अर्धी कोरी राहते. मग शेरा पडतो : 'आळशी आहे, लक्ष देत नाही.' हा शेरा खरा आहे का, हे कसे पाहायचे?

प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. हजेरी, घरची भाषा, झोप, घरातील ताण यांचीही चौकशी करावी. तेथे कारण सापडले नाही, तर मानसशास्त्रज्ञाकडून न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घेता येते. नावाला पालक घाबरतात. पण तीत ना सुई, ना औषध. ठोकळे, चित्रे, कागद-पेन्सिल आणि प्रश्न, एवढ्यावर ती चालते.

वाचन हे आपल्याला एकच काम वाटते. मेंदूला मात्र त्यासाठी अनेक कामे करावी लागतात. ती सुटी करून पाहायची असतात. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते? यावरून शब्दातले आवाज मुलाला वेगळे करता येतात का, ते कळते. '५, ८, २, ६' हे आकडे उलट सांगताना ऐकलेले मनात धरून ठेवावे लागते. ठोकळ्यांची नक्षी जुळवताना आकारांची जाण दिसते. पानभर अक्षरांतले फक्त 'म' खोडायला दिले, की लक्ष किती टिकते ते समजते. मात्र अवधानाचा दोष एका चाचणीवरून ठरत नाही. घरी आणि शाळेत, दोन्हीकडचे वागणे विचारावे लागते.

पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या कोठ्या आहेत. साऱ्यांतले धान्य एकत्र मोजले, तर रिकामी कोठी कोणती ते कळणार नाही. बुद्ध्यंकाच्या एका आकड्याचे तसेच आहे. आपल्याला हवा असतो तो कोठीवार हिशेब.

तपासणीची भाषाही महत्त्वाची. परक्या भाषेत विचारले, तर बुद्धीऐवजी भाषेचीच परीक्षा होते. म्हणूनच बिने यांची १९०५ मधील पॅरिसची चाचणी जशीच्या तशी येथे चालली नसती. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तिच्या सुधारित आवृत्तीवरून कन्नड व मराठी मुलांसाठी चाचणी तयार केली. पुढे नागपूरच्या मलिन यांनी भारतीय मुलांसाठी आणखी एक चाचणी बेतली.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. पण केवळ प्रमाणपत्राने वाचन सुधारत नाही. अहवालात मुलाचे बळ कशात आहे, अडते कोठे, आणि वर्गात उद्यापासून काय करायचे, हे असलेच पाहिजे. आपल्या या मुलाला ध्वनींचा रोजचा थोडा सराव, लिहिण्यास जादा वेळ आणि तोंडी उत्तराची मुभा उपयोगी पडेल.

या कामाची सुरुवात मात्र शिक्षकाच्या वहीतच होते. 'लक्ष देत नाही' असे लिहिण्याऐवजी 'तोंडी दहापैकी आठ उत्तरे बरोबर, लेखी दोन' असे लिहू या. तपासणाऱ्याला पहिला धागा त्यातूनच मिळतो.