धुरकट मणी

भोपाळच्या चौक बाजारातले मणीकामाचे बटवे आपण सगळ्यांनी पाहिलेत. माझी मावशीही घरी बटवे करते. दिवाळीआधी तिला हातानं घडवलेले काचमणी चकचकीत नको, धुरकट हवे होते. मी उत्साहानं काचेवर नक्षी उठवायचं क्रीम आणलं. डबीवर लिहिलं होतं, अमोनियम बायफ्लोराइड.

“हातमोजे कशाला गं? जरासंच तर लावायचंय,” मावशी म्हणाली. मी तिचा हात धरला.

हे फ्लोराइड काचेतलं सिलिका खातं, म्हणून मणी धुरकट होतो. पण तेच कातडीतून आत उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. सौम्य द्रावण असेल तर दुखायला कित्येक तास लागतात, तोवर इजा खोल गेलेली असते. अंगावर उडालंच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावा आणि डबीसकट डॉक्टरांकडे जा.

आम्ही डबी बंद केली. मणी पाण्यात बुडवून बारीक वॉटर पेपरनं घासले. वेळ लागला, पण हवा तो धुरकटपणा आला. काच सळईला चिकटू नये म्हणून लावलेली माती भोकात उरते. तीही पाण्याखालीच बारीक गोल कानशीनं काढली, कारण तिची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक. शेवटी कोमट साबणपाणी.

१९८४ मध्ये अंगावर कोणता वायू आला, हे इथल्या लोकांना ठाऊक नव्हतं. आपल्या हातात निदान लेबल आहे. ते वाचूया.