आजीबाई रशियन शिकतात

वयाच्या ६७व्या वर्षी एखाद्या बाईने नवी भाषा शिकायला घेतली की ओळखीपाळखीचे लोक प्रथम विचारतात, "कशाला?" आणि ती भाषा रशियन आहे असे कळले की पुढे काही विचारीतच नाहीत, नुसते बघत राहतात. म्हणून ‘कशाला’चे उत्तर आधीच देऊन टाकते. माझी नात तीन वर्षांपूर्वी त्व्येर या गावी वैद्यकी शिकायला गेली. त्व्येर म्हणजे मॉस्कोच्या वायव्येला व्होल्गा नदीच्या काठी वसलेले शहर. १९३१ पासून १९९० पर्यंत त्याचे नाव कालीनिन होते. तिथे आपली बरीच मुले डॉक्टर व्हायला जातात. शिकवणे इंग्रजीतून. परदेशी शिकलेल्या डॉक्टरांसाठी आपल्याकडे २०२१ साली जे नियम झाले, त्यांतही इंग्रजी माध्यमाची आणि किमान ५४ महिन्यांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. घरात सगळ्यांना वाटले, चला, भाषेचा प्रश्न तर मिटला!

मिटला कसला? पुस्तके इंग्रजीत असतील, प्राध्यापक इंग्रजीत बोलतील. पण खाटेवर पडलेली म्हातारी काही इंग्रजीत कण्हणार नाही. पहिली दोन वर्षे पुस्तकांत गेली की या मुलांना रुग्णांपुढे उभे राहावे लागते. कधीपासून दुखते, ताप होता का, आधी कोणते औषध घेतले, हे सारे तिच्या भाषेत विचारायचे, आणि त्याहून कठीण म्हणजे तिने दिलेले उत्तर समजून घ्यायचे. मला ती न पाहिलेली म्हातारी सारखी डोळ्यांपुढे दिसू लागली. याचे कारण उघड आहे. उद्या माझ्या उशाशी अशी एखादी परदेशी पोर उभी राहिली आणि ‘कळ येते’ म्हणजे काय हे तिला उमगलेच नाही, तर माझे कसे होणार?

नात जायला पाच महिने होते. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकवतात, पण तिच्या परीक्षा आणि कागदपत्रांच्या धावपळीत तिथे जाणे जमेना. तेव्हा तिने ऐकायचे पाठ घेतले. रोज अर्धा तास, मोबाइलवर. एकटीने मोठ्याने बोलायला लाज वाटते म्हणून जोडीला मला बसवले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले. पाठांतर करून घेण्यात माझा हात कोण धरणार!

ऐकून भाषा शिकण्याची ही युक्ती आजची नाही. लंडनमध्ये १९०१ साली जॅक रोस्टन यांनी लिंग्वाफोनची सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या जगभर गेल्या. तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. या पाठांमागे शास्त्र आणणाऱ्यांत पॉल पिम्सलर या अमेरिकन प्राध्यापकाचे नाव घ्यावे लागते. १९६७ साली त्यांनी एक निबंध लिहून उजळणीचे वेळापत्रकच मांडले. नवा शब्द ऐकला की ५ सेकंदांनी तो पुन्हा आठवायला लावायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी. दर वेळचे अंतर आधीच्या साधारण पाचपट. शब्द विसरण्याच्या बेतात असतानाच त्याला हाक मारायची, म्हणजे तो अधिक घट्ट बसतो. आमच्या वेळी पंतोजी ‘पावकी म्हण’ म्हणून अवचित उठवीत, त्यात हेच तत्त्व होते. फक्त कोणी निबंध लिहिला नव्हता.

दुसरी एक गंमत म्हणजे लांब शब्द हे लोक शेपटीकडून शिकवतात. ‘कृपया’ला रशियनमध्ये ‘पझालुस्ता’ म्हणतात. पाठातला माणूस आधी नुसते ‘स्ता’ म्हणतो, मग ‘लुस्ता’, मग ‘झालुस्ता’, आणि मग सगळा शब्द. असे केले की शब्दाचा शेवट तोंडात विरत नाही. करून पाहा.

आणि रशियन ही मुळात कानांनीच सुरू करावी अशी भाषा आहे. लिहितात एक आणि बोलतात एक. दुधाला लिहायचे ‘मोलोको’. पण जोर शेवटच्या ‘को’वर, म्हणून आधीच्या दोन्ही ‘ओ’ंचा ‘आ’सारखा उच्चार होतो, आणि बोलताना ते ‘मलाको’ होते. नमस्काराचा शब्द १२ अक्षरांचा, त्यातला एक ‘व’ बोलताना गडपच होतो. उरते ते ‘ज़्द्रास्त्वुइत्ये’. पुस्तक समोर धरून शिकणारा पहिल्याच दिवशी घाबरून पुस्तक मिटेल. ऐकणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते. तो बिचारा जसे ऐकले तसे म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

जोर कुठे द्यायचा हे कळणे तर अगदी जरुरीचे. ‘मुका’ या शब्दात शेवटी जोर दिला तर अर्थ होतो पीठ, आणि सुरुवातीला दिला तर यातना. (मराठीतला अर्थ ऐकून तिथल्या मैत्रिणी खूप हसल्या, असे नात सांगते.) ‘प्लाचू’चेही तसेच. शेवटी जोर असेल तर ‘मी पैसे देतो’, आणि सुरुवातीला असेल तर ‘मी रडतो’. आमचे चिरंजीव, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले की फी भरायची वेळ आली की दोन्ही एकदमच म्हणता येईल.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हे पाठ बहुतेक सगळे इंग्रजी माणसासाठी बनवलेले. तो माणूस उपाहारगृह शोधतो, रस्ता विचारतो आणि आधी सगळे इंग्रजीत सांगून मग रशियन वळवतो. पहिले आठ-दहा दिवस आम्हीही तसेच शिकलो. मग माझ्या लक्षात येऊ लागले की मराठी माणसाला हा उगीच द्राविडी प्राणायाम आहे. इंग्रजी जिथे अडते तिथे आपली मराठी सरळ चालत जाते.

साधा उच्चार घ्या. इंग्रज ‘त’ म्हणायला जातो आणि ‘ट’ म्हणतो. रशियन ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून म्हणायचे, म्हणजे आपले घरचेच. रुग्णालयाला ‘बल्नीत्सा’ म्हणतात. त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’, ‘चमचा’मधला दंत्य ‘च’. हिंदीत तो नाही, आपल्याकडे आहे. नातीला एवढे सांगितले आणि तिची जीभ त्या शब्दापुरती मोकळी झाली.

व्याकरणात तर मला घरी आल्यासारखेच वाटले. रशियनमध्ये तीन लिंगे, आपल्याकडेही तीन. ‘तो आला, ती आली, ते आलं’ हे त्यांच्याकडे ‘ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो’. पाठातला पुरुष ‘मी पडलो’ या अर्थी ‘या उपाल’ म्हणतो. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलीला मुद्दाम सांगावे लागते की बाई, तू ‘या उपाला’ म्हण. आपल्या मुलीला कशाला सांगायला हवे? ती जन्मापासून ‘मी पडले’च म्हणते आहे. ‘मला आवडतं’ म्हणजे ‘म्न्ये न्रावित्सा’. त्यातला ‘म्न्ये’ म्हणजे आपला ‘मला’. ‘मी डॉक्टर’ असे आपण क्रियापद गाळून म्हणतो, तसेच तेही ‘या व्राच’ म्हणून मोकळे होतात. विभक्त्या मात्र सहा आहेत. त्या ऐकून इंग्रजी विद्यार्थी कपाळाला हात लावतो. ‘स ला ते, स ला ना ते’ घोकलेल्यांनी सहांना काय भ्यायचे?

तेव्हापासून आम्ही पाठाची तऱ्हा बदलली. इंग्रजी वाक्य आले की मी पाठ थांबवायची, तेच वाक्य मराठीत म्हणायची, आणि नातीने मराठीवरून थेट रशियन म्हणायचे. मधले इंग्रजी स्टेशन काढून टाकले.

शब्दांचे नाते तर कुठे कुठे निघते! ‘द्वेर’ म्हणजे दार. नवऱ्याच्या भावाला ‘द्येविर’ म्हणतात. आपल्या ‘दीर’चा सख्खा भाऊ. आणि सुनेला, जुन्या बोलीत का होईना, ‘स्नाखा’ म्हणतात. संस्कृतातली ‘स्नुषा’ तीच. सूनबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथेही सासूबाई आहेतच!" साखरेला ‘साखर’च म्हणतात, आपली शर्करा फारसी आणि ग्रीकांच्या वाटेने तिकडे पोचली. ‘चाय स साखरम’ हे आमच्या घरात सगळ्यांना एका दिवसात पाठ झाले.

पण ज्यासाठी हा खटाटोप, तो शब्द पाठांत फार उशिरा आला. ‘बलीत’ म्हणजे दुखतंय. ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठं दुखतंय?’ ‘उ मिन्या बलीत गलावा’ म्हणजे ‘माझं डोकं दुखतंय’. इंग्रजीत माणसाला डोकेदुखी ‘असते’. रशियनमध्ये आणि मराठीत डोके आपले आपण दुखते. ‘बोल’ म्हणजे दुखणे, त्यावरून ‘बल्नोय’ म्हणजे रुग्ण, आणि ‘बल्नीत्सा’ म्हणजे रुग्णालय. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका आजाऱ्याला ‘दुखणाईत’ म्हणत. तो शब्द आता ऐकू येत नाही. पण ‘बल्नोय’ला मराठीत याहून नेमका शब्द मला तरी सापडत नाही.

मग रोज संध्याकाळी मी दुखणाईत व्हायची. माझा गुडघा तयारच होता. नात खुर्ची ओढून विचारी, "ग्द्ये बलीत?" मी म्हणे, "उ मिन्या बलीत कल्येना." मुद्दाम तोंडात पुटपुटून म्हणे, कारण पाठातला माणूस आकाशवाणीच्या निवेदकासारखा स्वच्छ बोलतो आणि दुखणारा माणूस तसा बोलत नाही. ऐकायच्या पाठांची ही मोठीच उणीव आहे. ते तुम्हांला बोलते करतात, पण समोरच्याची बोबडी, घाई, कण्हणे यांची सवय लावीत नाहीत. त्याला जिवंत माणूसच लागतो. अक्षर-ओळखही त्यातून होत नाही; ती वेगळी करावी लागली.

एक गोष्ट मी आग्रहाने शिकवली. वयाने मोठ्या माणसाला तिथे नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारतात. इवान पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा इवान. मुलगी असेल तर पेत्रोव्ना. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे असतेच. फरक एवढा की तिथल्या बाईच्या नावातून ते लग्नानंतरही जात नाही. बोलताना ‘व्य’, म्हणजे ‘तुम्ही’. नातीला बजावले, खाटेवरच्या बाईला आधी त्या नावाने हाक मार, दुखणे मग विचार.

या त्व्येरचे आणि आपले नाते मात्र जुने आहे बरे का. अफनासी निकितिन हा तिथलाच व्यापारी १५व्या शतकात एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. १९५७ साली निघालेला ‘परदेसी’ हा चित्रपट त्याच्यावरच. नर्गिस होती त्यात. त्व्येरला नदीकाठी त्याचा १९५५ सालचा पुतळा आहे आणि आपल्या रेवदंड्याला स्मारक. त्याच्या टिपणांत रशियनच्या मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द शिरलेले आहेत. कुठल्याही पाठांवाचून, बाजारात आणि धर्मशाळेत ऐकून ऐकून तोंडात बसलेले. नातीने पुतळ्याशेजारी उभे राहून फोटो पाठवला, तेव्हा मी जुन्नरच्या बहिणीला तो लगेच दाखवला.

यंदा नात रुग्णांपुढे उभी राहू लागली. पहिल्या आठवड्यातच एका आजीबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून ‘नोयित’ म्हटले. शब्दकोशात पाहिले तर त्या क्रियापदाचा अर्थ ‘रडगाणे गाणे’ असाही दिलेला. बरोबरची मुले गोंधळली. हिने मला रात्री फोन केला, "आजी, तू नाही का म्हणत, गुडघा कुरकुरतोय म्हणून? तेच आहे गं हे!" तेच होते. ठणका नाही, कळ नाही. मंद, सारखे, कुरकुरत राहणारे दुखणे.

तेव्हापासून आमच्या दोघींची एक वही चालू आहे. डाव्या बाजूला ती लिहिते, उजवीकडे मी. ‘कोलित’: टोचते. ‘झ्झोत’: जळजळते (आगीचा झोत आठवावा). ‘दावित’: दाबल्यासारखे होते, छातीत असेल तर ताबडतोब वरिष्ठांना बोलवायचे. ‘स्त्रिल्यायित’: शब्दशः बंदूक झाडते, म्हणजे आपली चमक मारते. इंग्रजीतून हे समजावून घ्यायला एकेका शब्दाला एकेक ओळ लागते. आपल्याकडे प्रत्येकाला शब्द आहे, आणि तो ज्याला दुखते त्याच्या तोंडी असतो.

गेल्या रविवारी तिचा फोन आला तो याच कामासाठी. एका आजोबांच्या पायात ‘मुराश्की’ धावत होत्या. तिने अर्थ सांगायच्या आतच मी उजवीकडे लिहिले, ‘पायाला मुंग्या येतात’. मुराश्की म्हणजे बारक्या मुंग्याच.