जुना टेम्पो घेताय? आधी ब्रेक बघा!

धंद्यासाठी सेकंडहँड टेम्पो घेणं हा चांगलाच विचार आहे. पण जुन्या गाडीचे काही नखरे हसवतात, काही जिवावर उठतात.

स्टेअरिंग वळवलं की हॉर्न वाजतो, दार दोरीने बांधलेलं असतं. यावर हसून पुढे जाता येतं. घाटात तसं नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की इंजिन तिला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात.

त्यात ब्रेक ऑइल जुनं असलं तर? हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांखाली उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि पेडल थेट तळाला!

म्हणून गाडी बघायला जाताना मेकॅनिक सोबत न्या. इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर गळतीचा संशय घ्या. तो खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोला. आणि ब्रेकचं काम झाल्याशिवाय पहिलं भाडं घेऊ नका.