यादी वाढली की माणसं पांगतात?

२ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सोडलं, गुलाल उडाला आणि पाच दिवस अडकून पडलेली दक्षिण मुंबई मोकळी झाली. हैदराबाद गॅझेटचा जीआर काय म्हणतो, दाखला कुणाला मिळेल, छगन भुजबळ का रागावले, यावर त्यानंतरच्या दिवसांत भरपूर छापून आलं. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली. मैदानात आणलेली यादी लांब होती आणि बाहेर नेलेली आखूड. ‘मराठा आणि कुणबी एकच’ असा सरसकट आदेश निघाला नाही. ‘सगेसोयरे’चा, म्हणजे नोंद सापडलेल्याच्या नातेवाइकांनाही दाखला देण्याचा, प्रश्न हरकतींच्या ढिगाखालीच राहिला. मुख्य प्रश्नावर मिळालं ते एवढंच, की गावपातळीवरच्या समितीमार्फत जुन्या नोंदींची चौकशी होईल आणि दाखल्याची वाट सोपी केली जाईल. जरांगेंनी तेवढं पदरात पाडून घेतलं आणि ते निघाले.

त्याच आठवड्याअखेरीनंतर काठमांडूत नेमकं उलटं घडलं. ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारनं २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले ते ही बंदी आणि नेत्यांच्या मुलांची चैन या दोन गोष्टींवरून. गोळीबारात त्या एका दिवसात १९ जण गेले. रात्री बंदी उठली, म्हणजे कागदावरची मागणी पुरी झाली. पण दुसऱ्या दिवशी गर्दी वाढलीच. पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, संसद पेटली आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या.

एकीकडे मागण्या आकसल्या आणि आंदोलन जिंकल्याचं जाहीर झालं. दुसरीकडे मागण्या तासागणिक फुगत गेल्या आणि सरकारच कोसळलं. मग ‘एकच मागणी धरा, फाटे फोडू नका’ हा प्रत्येक आंदोलनात कुणीतरी ज्येष्ठ देतात तो सल्ला कितपत खरा?

या सल्ल्याला आकड्यांचा आधार देणारा माणूस होता अमेरिकेतला. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांचं ‘द स्ट्रॅटेजी ऑफ सोशल प्रोटेस्ट’ हे पुस्तक १९७५ साली आलं. १८०० ते १९४५ या काळात अमेरिकेत प्रस्थापितांना आव्हान देणाऱ्या ५३ संघटना त्यांनी नमुना म्हणून निवडल्या. त्यांत कामगार संघटना होत्या, गुलामगिरीविरोधक होते, तऱ्हेवाईक पंथही होते. प्रत्येकीला त्यांनी दोन प्रश्न लावले. समोरच्यानं तुम्हाला बोलणी करण्याजोगं मानलं का? आणि तुमच्या हाती काही लागलं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पूर्ण यश, दोन्हींचं ‘नाही’ असेल तर बोऱ्या वाजला. खरी गंमत मधल्या दोन खान्यांत आहे. काहींना चर्चेची खुर्ची मिळाली, पदरात काहीच नाही. काहींची मागणी पुरी झाली, पण ती करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे दोन्ही खाने पाठ असतील.

गॅमसन यांचा निष्कर्ष असा, की एकाच प्रश्नाला धरून राहणाऱ्या संघटना बहुकलमी संघटनांपेक्षा जास्त यशस्वी ठरल्या. आणि ज्यांना समोरच्याला नमवायचं नव्हतं, हटवायचंच होतं, त्या जवळपास साऱ्या फसल्या. याच पुस्तकात गांधीवाद्यांना न रुचणारा आणखी एक निष्कर्ष आहे. ज्या संघटनांनी हात उगारला त्यांचं यश सरासरीपेक्षा बरं निघालं, ज्यांनी नुसता मार खाल्ला त्यांचं वाईट. पुस्तकाचा हवाला देणारे हा भाग सहसा गाळतात.

गॅमसन कोरडे संशोधक नव्हते. मार्च १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधात मिशिगन विद्यापीठात रात्रभर चर्चासत्र चाललं, अशा प्रकारचं पहिलंच. ते भरवणाऱ्या प्राध्यापकांत गॅमसन होते. आणि त्याआधी, १९६० साली, त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक खेळ काढला होता. खऱ्या बेसबॉलपटूंचा कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या हंगामातल्या कामगिरीवर आपली हारजीत ठरवायची. आजच्या फँटसी खेळांचं मूळ त्यातच मानलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ड्रीम इलेव्हनचे पैशांचे खेळ बंद झाले, त्या सगळ्याचा पूर्वज आंदोलनांचा अभ्यासक निघावा हा योगायोग गमतीचा आहे. मात्र त्यांच्या ५३ संघटनांच्या हिशेबात एक गोष्ट मोजलेली नाही: लोकांची सहानुभूती. त्यांनी मोजला तो निकाल. जनाधार आणि निकाल एकाच दिशेनं जातात असं आपण गृहीत धरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सहानुभूती कशी आटते हे पाहायला राळेगणसिद्धीपासून लांब जायला नको.

एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर बसले तेव्हा मागणी एकच होती, जनलोकपाल. ऑगस्टमध्ये त्यांना अटक करून तिहारला नेलं आणि देश ढवळून निघाला. रामलीला मैदानावर रात्रंदिवस गर्दी होती. २७ ऑगस्टला संसदेनं सभागृहाची भावना नोंदवली, दुसऱ्या दिवशी उपोषण सुटलं. काँग्रेसचा मतदार, भाजपचा मतदार, कधीच मतदान न करणारा उच्चभ्रू, सगळ्यांना ‘मी अण्णा’ची टोपी चढवताना काहीच अडचण नव्हती, कारण भ्रष्टाचारी म्हणजे नेहमी दुसराच कुणीतरी.

ऑक्टोबरात हरयाणातल्या हिसारची पोटनिवडणूक आली आणि टीम अण्णानं काँग्रेसच्या विरोधात प्रचार केला. काँग्रेस उमेदवाराचं डिपॉझिट गेलं, टीमला जोर चढला. पण त्या दिवसापासून टोपी घातलेल्या काँग्रेसच्या मतदाराचा पक्षच निशाण्यावर आला. त्याच महिन्यात प्रशांत भूषण यांच्या काश्मीरवरच्या विधानावरून वादळ उठलं, त्यांच्यावर हल्ला झाला आणि लोकपालाशी काडीचा संबंध नसलेला विषय आंदोलनाला चिकटला. डिसेंबरअखेरीस मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर अण्णा बसले तेव्हा रिकाम्या जागेचीच चर्चा जास्त झाली. तीन दिवसांचं उपोषण दुसऱ्याच दिवशी आवरलं. गारठ्याचं, सुट्ट्यांचं, अण्णांच्या तापाचं कारण पुढे केलं गेलं. ती कारणं खोटी नव्हती, अपुरी होती.

जुलै २०१२ मध्ये तर पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासह १५ मंत्र्यांच्या नावांची यादीच पुढे आली. जंतरमंतर भरलं नाही. ३ ऑगस्टला राजकीय पर्यायाची घोषणा झाली, तीन दिवसांनी अण्णांनी टीमच बरखास्त केली, नोव्हेंबरात आम आदमी पक्ष जन्मला. आता निकाल पाहा. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हा मैदानात गर्दी नव्हती. त्याच महिन्यात नव्या पक्षाला दिल्लीत ७० पैकी २८ जागा मिळाल्या, २०१५ मध्ये ६७. रोख वाढवल्यानं आंदोलन संपलं आणि पक्ष उभा राहिला. देशभराची पातळ सहानुभूती देऊन एका शहराची घट्ट मतं घेतली, असा तो सौदा. तो शहाणपणाचा होता की नाही, यावर राळेगण आणि दिल्ली यांचं आजही एकमत होणार नाही.

मराठा आंदोलनाचा आलेखही याच नजरेनं पाहायला हवा. ऑगस्ट २०१६ पासून निघालेले मूक मोर्चे शिस्तीसाठी वाखाणले गेले. कोपर्डीच्या बलात्कार-हत्या प्रकरणातल्या नराधमांना शिक्षा व्हावी, ही मागणी अमान्य असलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. पण निवेदनात अॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणी आली आणि रोख गुन्हेगारांवरून कायद्याकडे वळला. त्या कायद्यावर ज्यांची सुरक्षितता अवलंबून आहे तो दलित समाज अस्वस्थ झाला आणि प्रतिमोर्चे निघाले. पुढे २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत जरांगेंची मागणी मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदींपुरती होती. लाठीमारानंतर सहानुभूतीची लाट आली. मग मराठवाड्याचा महाराष्ट्र झाला, नोंदींचे सगेसोयरे झाले, आणि फेब्रुवारी २०२४ पासून रोख देवेंद्र फडणवीसांवर, नाव घेऊन. लोकसभेत मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीनं गमावल्या. सहाच महिन्यांत विधानसभेला याच मराठवाड्यानं महायुतीला भरभरून दिलं. मधल्या काळात लक्ष्मण हाके वडीगोद्रीत उपोषणाला बसले होते आणि ओबीसींचं उलट एकत्रीकरण झालं होतं. एकट्या त्या कारणानं निकाल फिरला असं म्हणणं भाबडेपणाचं, लाडकी बहीण विसरून चालणार नाही. पण नोंद सापडलेल्याला दाखला द्या म्हटलं तर ओबीसी शेजाऱ्याचं फार बिघडत नव्हतं. ‘सरसकट’ म्हटल्यावर त्याला वाटलं, आपल्याच ताटातलं जाणार. सप्टेंबर २०२५ मधली माघार म्हणूनच शहाणपणाची वाटते.

म्हणजे मागण्यांची संख्या मोजून फारसं हाती लागत नाही. काठावर उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस यादीत स्वतःला कधी सापडतो, ते पाहावं. शरद जोशींना हे नेमकं कळलं होतं. शेतकरी संघटनेचा कार्यक्रम एककलमी होता, शेतमालाला रास्त भाव. लहान-मोठा शेतकरी, बागाईत-कोरडवाहू, या भांडणात त्यांनी संघटनेला पडू दिलं नाही. डावे त्यावरून त्यांना झोडपत राहिले. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवून त्यांनी विषय चांगलाच रुंदावला, घरातली सत्ताच चर्चेला आणली, तरी लोक तुटले नाहीत. फूट पडली ती नंतर, खुलीकरणाच्या बाजूनं उभं राहायचं की विरोधात, आणि निवडणुकीच्या राजकारणात किती उतरायचं, यावरून. संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे, एस. एम. जोशी, अत्रे एका मंचावर बसू शकले ते ‘मुंबईसह’ या एका शब्दापायी. १ मे १९६० नंतर समितीला एकत्र राहण्याचं कारणच उरलं नाही.

काठावरच्या माणसालाच निशाणा करण्याचा प्रकार लंडनमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसला. १७ ऑक्टोबर २०१९ च्या सकाळी एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामान चळवळीतल्या संघटनेचे कार्यकर्ते कॅनिंग टाउन स्थानकात मेट्रोच्या टपावर चढले. कामावर निघालेल्या प्रवाशांनी त्यांना खाली ओढून चोपलं. विजेवर चालणारी सार्वजनिक गाडी, तीही कामगारवस्तीतली, हवामान वाचवण्यासाठी अडवायची, याचं समर्थन संघटनेलाही धड करता आलं नाही. जस्ट स्टॉप ऑइलचं प्रकरण याहून विचित्र. मागणी एकच, तेल आणि वायूचे नवे परवाने नकोत. निशाणे मात्र वाटेल तिथं: आधी तेलाची आगारं, मग व्हॅन गॉगची सूर्यफुलं, एम-२५ महामार्ग, स्नूकरची स्पर्धा, स्टोनहेंज. लोक संतापले, कार्यकर्त्यांना काही वर्षांच्या शिक्षा झाल्या. आणि सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात नवे परवाने न देण्याचं वचन होतं. मार्च २०२५ मध्ये मागणी पुरी झाल्याचं सांगत संघटनेनं आपली आंदोलनं थांबवण्याची घोषणा केली. महामार्ग रोखल्याच्या दिवसांतल्या एका पाहणीत ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या सौम्य संघटनेचा पाठिंबा किंचित वाढलेला दिसला होता. शिव्या एकाला, मतं दुसऱ्याला.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं उदाहरण यात सर्वांत अवघड. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांविरुद्ध ते लढत होते तोवर उत्तरेतला गोरा उदारमतवादी त्यांच्या बाजूनं होता. १९६६ मध्ये ते शिकागोत घरांच्या प्रश्नावर गेले, म्हणजे त्याच उदारमतवाद्याच्या गल्लीत, आणि तिथं त्यांना दगड लागला. त्या ऑगस्टच्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याविषयीचं मत प्रतिकूल होतं. ४ एप्रिल १९६७ ला त्यांनी व्हिएतनाम युद्धालाही लक्ष्य केलं, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखातून चूक काढली आणि जुने सहकारीही दूर सरले. बरोबर वर्षानं त्यांची हत्या झाली. सिनेटनं १९६६ मध्ये अडवलेला घरांविषयीचा कायदा हत्येनंतर आठवड्याभरात संमत झाला. किंग यांनी यादी आखूड ठेवली असती तर ते जास्त लोकप्रिय राहिले असते, आणि शिकागोचा प्रश्न कुणी उचललाच नसता.

राहिलं काठमांडू. गॅमसन यांची आकडेवारी जॅक गोल्डस्टोन यांनी १९८० मध्ये पुन्हा तपासली. संघटना, डावपेच यांना फार महत्त्व नाही, काळ महत्त्वाचा, असं त्यांचं म्हणणं. देश संकटात असला की आंदोलनांना यश येतं. समोरच्याला हटवू पाहणारे एरवी फसतात हे त्यांनाही मान्य होतं. पण राज्यच डळमळीत झालं की तोही नियम गळतो. २०२४ मध्ये बांगलादेशात हेच झालं. मुद्दा होता नोकऱ्यांतल्या ३० टक्के कोट्याचा. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो जवळजवळ काढून टाकला. तोवर गोळीबारात एवढी मुलं गेली होती की ३ ऑगस्टला नवी मागणी आली, एककलमीच, शेख हसीनांच्या राजीनाम्याची. दोन दिवसांत त्या देशाबाहेर होत्या. ढाका आणि काठमांडू, दोन्हीकडे यादी आंदोलकांनी वाढवली त्याहून जास्त सरकारच्या बंदुकीनं वाढवली. काठावरच्या बापालाही आपला मुलगा यादीत दिसला, फक्त बंदुकीच्या समोरच्या बाजूला.

नेपाळची निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठरली होती. सरकार पाडण्यावर जे एक झाले होते त्यांना तोवर देश कसा चालवायचा याची यादी करावी लागणार होती, आणि ती लांबच असणार होती.